घंटागाडीच्या फेऱ्या

इतक्या वर्षांत मी बरीच सॉफ्टवेअरं लिहिली. त्यातली निम्मी आता मलाच आठवत नाहीत. पण एक पान आठवतं. वेबपेज म्हणतात ना, ते. त्याच्यावर चार आकडे होते, बाकी नक्षीकाम काही नाही. एकूण मेमरी, वापरलेली, मोकळी, आणि चौथा आकडा 'घंटागाडीच्या फेऱ्या'. त्या चौथ्या आकड्यापायी माझी नोकरी गेली. नोकरीचं सोडा हो, ती पुढे दुसरी मिळाली. ज्या माणसामुळे गेली त्या माणसाचं अजून मनातून जात नाही.

तो माणूस म्हणजे सर. नव्वदीच्या दशकात नाशिकला कॉलेज रोडवर दुसऱ्या मजल्यावर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. मशीनला धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर काढायच्या, आत एसी, आणि पोरी सगळ्या गंगापूर रोडच्या, इस्त्रीचे ड्रेस घातलेल्या. आमचा मळा मखमलाबादकडे. सकाळी दादांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, पंचवटीत बाजाराला झेंडू उतरवायचा आणि तिथून सायकल हाणत क्लासला यायचं. हात कितीही धुतले तरी वास जायचा नाही. एकदा शेजारच्या पोरीने नाक मुरडून खुर्ची सरकवली. सरांनी ते पाहिलं आणि तिच्याकडे वळले. म्हणाले, "कीबोर्डला झेंडूचा वास लागला म्हणून प्रोग्राम चुकत नाही. तुझा चुकलाय, तो बघ." सगळा क्लास हसला, मीही हसले. त्या एका वाक्यासाठी मी पुढची दहा वर्षं सरांच्या शब्दाबाहेर गेले नाही.

सर शिकवायचे फार चांगलं, हे खोटं कशाला बोलू. त्यांचा एक नियम होता. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रामला हात लावलात तर ज्या ओळीला लावलात तिच्या शेजारी आपल्या नावाची दोन अक्षरं आणि तारीख टाकायची. "केलं तर सांगायची लाज नको, आणि लाज वाटत असेल तर करायचं नाही," असं म्हणायचे. आम्ही पोरं-पोरी ते इतकं मनावर घ्यायचो की घरी किराणाच्या यादीत आईने काही खोडलं तरी मी तिला म्हणायचे, सही कर.

पुढे सरांनी क्लास बंद करून नाशकातच, कॅनडा कॉर्नरला, दोन खोल्यांत स्वतःची कंपनी काढली. मला बोलावलं. मी गेले, विचारणार काय होते! आमचं सगळ्यात मोठं काम होतं एका रक्तपेढीचं. कुठल्या गटाची पिशवी कुठल्या फ्रिजमध्ये आहे, कधी भरली, कधी संपते, दाते कोण, हे सगळं आम्ही जावा नावाच्या भाषेत बसवलं होतं. त्यातला शोधाचा भाग, म्हणजे नाव किंवा गट टाकला की दाता सापडतो तो, सरांनी स्वतः लिहिलेला. बाकीचा माझा.

प्रोग्राम सकाळी सुतासारखा चालायचा आणि दुपारी बसायचा. दुपारीच तर खिडकीवर गर्दी. दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनांसाठी हॉस्पिटलांच्या चिठ्ठ्या घेऊन नातेवाईक उभे, आणि आमचा पडदा गोठलेला. खिडकीवर बसायचे ते काका सटाण्याकडचे, रक्तपेढीत केस पांढरे झालेले. ते फोन करायचे, "ताई, परत थांबी ग्ये." सरांचं औषध ठरलेलं: बंद करून चालू करा. ताप आला, क्रोसिन द्या. कशाने येतो ते बघायचं नाव नाही.

मला ते सहन होईना. समोर माणसं उभी असतात हो, हातात चिठ्ठी धरून. आणि खरं सांगायचं तर प्रोग्रामच्या पोटात काय चाललंय हे प्रोग्रामला पक्कं माहीत असतं. जावातला प्रोग्राम थेट मशीनवर चालत नाही, त्याच्याखाली एक कारभारी असतो, रनटाइम. प्रोग्रामला जागा लागली की मेमरीतून हा काढून देतो. वापरून टाकलेल्या वस्तू हाच उचलतो. किती दिली, किती उरली, कितीदा साफसफाई केली, सगळा हिशोब याच्याकडे असतो, फक्त कुणी विचारल्याशिवाय हा बोलत नाही. नेमकी त्याच सुमारास जावाची नवी आवृत्ती आली, तिच्यात हे आतले आकडे बाहेर काढायची सरळ सोय होती. मी दोन दिवस बसून ते एका पानावर आणले. पान दर अर्ध्या मिनिटाला आपलं आपण ताजं व्हायचं. काकांना वाचता यावं म्हणून मराठीत केलं.

साफसफाईला इंग्रजीत सरळ कचरा गोळा करणंच म्हणतात. आता नाशिकच्या माणसाला त्याच्यासाठी दुसरा शब्द कुठून सुचणार? आमच्याकडे गल्लीत घंटागाडी यायला लागून तेव्हा काही वर्षं झाली होती. घंटा वाजली की बायका हातातलं टाकून डबा घेऊन पळायच्या. या आतल्या गाडीचंही तसंच. ती मोठी फेरी मारते तेव्हा बाकी सगळ्यांनी हातातलं सोडून उभं राहायचं. कचरा थोडा असला तर कळतसुद्धा नाही. डोंगर असला की मग उभेच. म्हणून मी लिहिलं, 'घंटागाडीच्या फेऱ्या'. काकांना शब्द इतका आवडला की खिडकीवरच्या लोकांना तेच सांगायला लागले, "घंटागाडी येल शे, थांबा जरा." लोक रस्त्याकडे बघायचे.

दर महिन्याला रक्तपेढीच्या मुख्य डॉक्टरांच्या खोलीत बैठक व्हायची. त्या महिन्यात मी पान दाखवलं. डॉक्टरांनी चष्मा वर केला, चौथा आकडा बघितला आणि खूश झाले. "वा! एका दिवसात एवढ्या फेऱ्या? आमच्या कॉलनीत तर दोन-दोन दिवस येत नाही. स्वच्छता आहे बुवा तुमच्याकडे!" शब्द मी ठेवला होता, तर ही फजिती माझीच. नाशकात फेऱ्या वाढल्या तर चांगलंच ना! सर हसले, मान डोलावली. मी मात्र गप्प बसेन तर शप्पथ. "नाही साहेब, उलट आहे. फेऱ्या जास्त म्हणजे कचरा जास्त. गाडी आली की सगळं थांबतं, म्हणून तर दुपारी पडदा गोठतो."

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला आणि विचारलं, "मग एवढा कचरा करतं कोण?"

मी म्हटलं, "पुढच्या बैठकीला नक्की सांगते." परतलो सरांच्या स्कूटरवर. कॅनडा कॉर्नरला उतरताना सर एवढंच म्हणाले, "गिऱ्हाइकासमोर घरचा केर काढायचा नसतो." मला वाटलं, बरोबर आहे, जास्त बोलले मी.

उत्तर सापडायला आठवडाही लागला नाही. एका दुपारी काकांशेजारी स्टूल टाकून बसले. ते खिडकीवरच्या चिठ्ठ्या बघून काम करत होते, मी पानावर आकडे बघत होते. पिशवी नोंदवली, फेऱ्या तेवढ्याच. पावती छापली, तेवढ्याच. दाता शोधला, की वापरलेली मेमरी उसळून वर आणि गाडी चार-पाच फेऱ्या मारून गेलेली. पुन्हा शोधला, पुन्हा तेच. मग शोधाचा प्रोग्राम उघडून वाचला. एक दाता शोधण्यासाठी तो सगळ्याच्या सगळ्या दात्यांची वही मेमरीत आणून ओतायचा, त्यातून एक उचलायचा आणि बाकीची फेकून द्यायचा. कोथिंबिरीची एक जुडी हवी म्हणून अख्खा टेम्पो दारात रिकामा करायचा, असला प्रकार. आणि तो भाग सरांचा होता.

मी ते चारचौघांत बोलले नाही. सरांच्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं आणि कागदावर आकडे लिहून नेले होते ते समोर ठेवले. म्हटलं, "सर, दहा-बारा ओळींचं काम आहे, मी करू का?" सरांनी कागद नीट वाचला. मग माझ्याकडे बघून इतकं छान हसले की मला क्लासमधले दिवस आठवले. "शाब्बास! गुरूची विद्या गुरूला फळली म्हणायची. राहू दे, माझं पोर आहे, मीच निस्तरतो. उद्या रक्तपेढीत जाऊन बदल करून येतो. बैठकीत तू काही बोलू नकोस, मी सांगेन." मी हवेत तरंगत घरी आले. आईला म्हटलं, सरांची चूक मी काढली आणि सर रागावले नाहीत. आई मेथी निवडत होती. ती म्हणाली, "रागावला असता तर बरं झालं असतं." आईला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय, असं मी मनात म्हटलं.

सर गेले, बदल करून आले. दुसऱ्या दिवसापासून पानावर वापरलेली मेमरी एकदम खाली! जेव्हा बघावं तेव्हा खाली. ऑफिसातूनही फोनलाइनवर पान दिसायचं, मी टाळी वाजवली कॅनडा कॉर्नरला बसून. फेऱ्या मात्र वाढलेल्या दिसत होत्या, आणि काकांचे फोन थांबायच्या ऐवजी जास्तच यायला लागले. आता सकाळीसुद्धा अडकतं, थोडा वेळ चालतं, परत अडकतं. मी सरांना विचारलं. "बघतोय मी," म्हणाले. मीही बघायला हवं होतं. पण सर बघतायत म्हटल्यावर मी कोण बघणारी?

मग बैठक आली. डॉक्टर, दोन विश्वस्त, दाराशी काका, सर आणि मी. डॉक्टरांना त्यांचा प्रश्न आठवत होता. सरांनी लॅपटॉप उघडला, म्हणाले, "साहेब, सांगण्यापेक्षा दाखवतो." काकांना खिडकीवर जाऊन काम करायला सांगितलं, दार उघडं ठेवलं. मग माझं पान उघडलं. तिकडून काकांचा आवाज आला, "थांबनं!" पान बंद केलं. "चालू व्हयनं!" उघडलं. "थांबनं!" असं चार वेळा. विश्वस्तांतले एक हसायला लागले.

"कारण हेच आहे," सर म्हणाले. आवाज एकदम मऊ. "पोर हुशार आहे, उत्साहाच्या भरात केलं. पण प्रोग्रामच्या छातीवर दर अर्ध्या मिनिटाला नळी लावून बसलं तर त्याने श्वास कधी घ्यायचा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. समोर दिसत होतं ते खरंच होतं, पान उघडलं की थांबत होतं, माझ्या डोळ्यांदेखत. म्हणजे इतके दिवस मीच लोकांना खिडकीवर ताटकळत ठेवत होते? सरांकडे बघितलं. ते अशा मायेने बघत होते की मला रडूच आलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हणाले, "चूक माझी आहे. माफ करा."

डॉक्टर चांगले होते, त्यांनी फक्त पुढच्या वेळेपासून बैठकीला सरांनी एकट्यानेच यावं असं सुचवलं. पान त्याच दिवशी काढलं. आठवड्याने सर म्हणाले, "थोडे दिवस घरी विश्रांती घे." विश्रांती म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं. मी टेबलाचा खण रिकामा केला. जाताना सरांच्या पाया पडले. हो, पडले! आज लिहितानाही हाताची बोटं चावावीशी वाटतात.

दीड-दोन महिने मळ्यात झेंडू तोडला. दादा काही विचारायचे नाहीत, त्यामुळे जास्तच लाज वाटायची. मग एक दिवस काकांचा फोन, घरी. "ताई, तुमनं पान काढी टाकं, तरी बी दुपारले थांबसच." पान नाही, तरी दुपारी थांबतंय. माझं डोकं एकदम जागेवर आलं. पान नसताना का थांबेल? मी सायकल काढली.

काकांनी मला आत घेतलं, डॉक्टर जेवायला गेले होते तेवढ्या वेळात. पान काढलं होतं म्हणजे त्याची फाइल नुसती बाजूला ठेवली होती. साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्ये उघडते. उघडली. माझ्या पहिल्या ओळीच्या वर एक ओळ होती, जी मी लिहिली नव्हती. आकडे मोजायच्या आधी मोठी घंटागाडी बोलवायची, असा हुकूम. म्हणजे पान उघडलं की आधी सगळा प्रोग्राम उभा करायचा, झाडून-पुसून घ्यायचं आणि मग किती जागा वापरली ते मोजायचं. आकडा देखणा दिसणारच! आणि दर अर्ध्या मिनिटाला प्रोग्राम अडकणारच. शोधाचा भाग उघडून बघितला. तिथे काडी हललेली नव्हती. अख्खी वही येत होती, तशीच येत होती.

त्या वरच्या ओळीशेजारी दोन अक्षरं होती आणि तारीख. सरांची अक्षरं. ज्या दिवशी "माझं पोर आहे, मीच निस्तरतो" म्हणाले त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख. सवय हो, दुसरं काय. केसाने गळा कापला आणि नियमाप्रमाणे सही करून ठेवली. काका मागे उभे होते. म्हणाले, "त्या सर येल व्हतात ना, आठेच बसनात." इथेच बसले होते. मी ती ओळ तारखेसकट छापून घेतली.

डॉक्टर आले. मी सगळं सांगितलं, ओळ दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाले, "बाई, यातलं मला काही कळत नाही. एकदा तुम्ही म्हणालात चूक तुमची, आज म्हणता त्यांची. सरांनी मला तसं सांगितलं तर मी लगेच मानेन." चुकीचं काय होतं त्यांचं? म्हणून मी सरांकडे गेले. नोकरी परत मागायला नाही, भांडायलाही नाही. एक वाक्य मागायला. डॉक्टरांना फोन करून एवढंच सांगा, की कचरा हिने केला नव्हता.

सर घरीच होते, कुंड्यांना पाणी घालत. मी ओळ छापून नेली होती. त्यांनी ती घेतली, वाचली, झारी खाली ठेवली. मला वाटलं नाही म्हणतील, हे मी केलंच नाही म्हणतील. मी त्या तयारीने गेले होते, तारखेवर बोट ठेवूनच उभी होते. ते नाही म्हणाले नाहीत.

"ही ओळ मी टाकली. आकडा जरा बरा दिसावा म्हणून टाकली. त्याने अडकतं हे मला दोन दिवसांनी कळलं."

"मग बैठकीत का नाही सांगितलंत, सर?"

"काय सांगू? माझ्या शोधात खोट आहे म्हणून सांगू? वीस वर्षं मी या गावात शिकवतोय." मग म्हणाले, आवाज तसाच, क्लासमध्ये चूक समजावून सांगायचे तसा, "आणि मी कुठे म्हणालो गं चूक तुझी आहे? मी पान उघडलं, बंद केलं. चूक माझी आहे असं तूच म्हणालीस. तुझ्याकडे तर तुझी मूळ फाइल होती. ताडून का नाही बघितलीस?"

मी त्यांच्या हातून कागद घेतला, घडी घातली आणि जिना उतरले. फोन त्यांनी केला नाही. त्या रक्तपेढीत आजही कुणाला माझी आठवण असेल तर जिच्या पानाने मशीन अडकायचं ती मुलगी म्हणूनच असेल.

सरांनी मला फसवलं, हे मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. नवऱ्याला, पोरांना, माझ्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी मुलींना. फाइलचं कुणाला सांगितलं नाही. तिची फ्लॉपी बैठकीच्या दिवशी माझ्या खणात होती, ताडून बघायला पाच मिनिटं लागली असती, आणि बैठकीआधी सगळा दिवस माझ्याकडे होता. पण 'बघतोय मी' असं सर म्हणाले होते.